आमच्याकडचा मसाला

यंदा मिरची महाग आहे, हे वाक्य मी कळायला लागल्यापासून दर उन्हाळ्यात ऐकतो आहे. मिरची स्वस्त झाली असं एखादं वर्ष होऊन गेलं असेलही. आमच्या घरी ते कोणी कबूल केलेलं नाही. होळीची राख निवते न निवते तोच हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडतं. मग कर्नाटकात पाऊस जास्त झाला, नाहीतर कमी झाला, अशी कारणमीमांसा होते. यंदा निम्म्यातच भागवायचं असं एकमताने ठरतं. आणि एप्रिलच्या शेवटी नेहमीएवढीच मिरची घरात येते.

आमच्या स्वयंपाकघरात दोन बरण्या आहेत. डावीकडची आईची, मालवणी मसाल्याची. उजवीकडची बायकोची, कांदा-लसूण मसाल्याची. आई मालवणची, बायको कऱ्हाडची. लग्न जमवताना पत्रिका, नोकरी, उंची सगळं पाहिलं गेलं. मसाल्याचं कोणी विचारलं नाही. बायकोने माहेरून आणलेली पहिली बरणी उघडली तेव्हा आईने वास घेतला आणि ‘ह्येका मसालो म्हणतत?’ एवढंच विचारलं. बायकोच्या माहेरी त्याला मसाला म्हणतच नाहीत, चटणी म्हणतात. त्यामुळे तिला तो प्रश्न अगदी रास्त वाटला आणि पहिलं भांडण टळलं.

पुढे रीतसर तह झाला. मासे डावीकडे. पिठलं, आमटी, भरली वांगी उजवीकडे. मटण हा अजून वादग्रस्त मुलूख आहे. ज्या रविवारी जी आधी गॅसपाशी पोचेल तिची सत्ता. मी आणि मुलगी दोन्ही बाजूंना ‘आज काय झालंय म्हणून सांगू!’ म्हणतो आणि खाली मान घालून जेवतो.

दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं तर दोन्ही बाजू बरोबर वाटतात, हीच या खटल्यातली पंचाईत आहे. आई म्हणते, मसाल्यात सुकं खोबरं आणि कांदा कशाला घालायचा? वाटणात ओलं खोबरं पडतंच की! दारात माड असलेल्या माणसाचं हे म्हणणं आहे. कोकणात मसाला एकट्याने काही करत नाही. खोबऱ्याचं वाटण, कोकमं, माशाला चार तिरफळं, असा सगळा गोतावळा बरोबर लागतो. बायको म्हणते, रोज वाटण कोण घालत बसणार? शेतावरून आलेल्या माणसाला भाकरी लागते, आणि भाकरीबरोबर काहीच नसेल तर चटणीत तेलाची धार घालून जेवण होतं. कालवणाला घाई असली तरी फोडणीत चमचाभर चटणी, वर पाणी, की झालं. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, मीठ, सगळं आधीच आत आहे. माडाखालचा मसाला आणि बांधावरचा मसाला, असा हा फरक आहे. यात खरा कोणता, हे ठरवायला बसणाऱ्याने आपली जेवायची सोय आधी दुसरीकडे लावून ठेवावी.

पुण्याची माझी मावसबहीण या वादात तिसरा पक्ष म्हणून उतरते. तिच्या मते मसाला एकच, गोडा. धने, खोबरं, तीळ, दगडफूल वगैरे, आणि मिरची नावापुरती. तिच्या घरी त्यालाच काळा मसाला असंही म्हणतात. पण नाशिकच्या नाहीतर जळगावच्या घरी काळा मसाला मागितला, तर भाजून काळपट केलेल्या कांद्याखोबऱ्याचा असा काही झणका पानात पडतो की चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेला माणूस पाण्याचा तांब्या सोडत नाही. वसई, उत्तन, वांद्र्याकडच्या ईस्ट इंडियन मंडळींचा बॉटल मसाला आणखी वेगळा. त्यात पंचवीस-तीस जिन्नस सहज असतात आणि तो बिअरच्या रंगीत बाटल्यांत ठासून भरतात. उजेड लागला नाही की मसाल्याचा रंग टिकतो. बाटल्या रिकाम्या कशा झाल्या, हा प्रश्न सभ्य माणसाने विचारू नये.

तर, आई मसाल्याला लालबागलाच जाते. आम्ही परळ सोडून डोंबिवलीला आलो त्याला जमाना झाला. डोंबिवलीत मिरची मिळते, डंक आहेत, सगळं आहे. पण लालबागच्या मिरची गल्लीशिवाय मसाला होतो, हे आईला मान्य नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातली आणि घाटावरची माणसं त्याच भागातल्या चाळींत दाटीने राहायची, आणि प्रत्येकाच्या गावचा मसाला करून देणारी दुकानं तिथेच उभी राहिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या हळूहळू गेल्या, त्यांच्या जागी मान मोडून बघावे लागतील असे टॉवर आले, माणसं विरार-पनवेलपर्यंत पांगली. गल्ली मात्र आहे तिथेच आहे. उन्हाळ्यात पांगलेली सगळी माणसं पिशव्या घेऊन परत तिथे येतात आणि एकमेकांना ढकलत मिरचीचे भाव विचारतात.

गल्लीत शिरताना पहिली शिंक येते आणि मग नाक हळूहळू नशिबाला शरण जातं. दुकानांपुढे पोती उघडी मांडलेली. ब्याडगी लांब, सुरकुतलेली, गडद लाल, ती रंगासाठी. ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची, २०११ पासून भौगोलिक मानांकन मिरवणारी, आणि दिसते तेवढी तिखट मुळीच नसते. संकेश्वरी बेळगावकडची, चवीला. लवंगी बारीक आणि जहाल. गुंटूर, पांडी आंध्राच्या बाजूच्या; त्या तिखटपणाचं खातं सांभाळतात. काश्मिरी म्हणून एक मिरची असते. तिच्यातल्या बऱ्याच जणींनी काश्मीरचं तोंडही पाहिलेलं नसतं. आई मिरची हातात घेते, कानाशी नेऊन हलवते, बिया वाजल्या की देठाशी मोडते. कडकन मोडली तर ठीक. नुसती वाकली तर ती ओली, म्हणजे आपण पाण्याचे पैसे देणार. देठासकट घ्यायची की देठ काढलेली, हा पुढचा प्रश्न. देठ काढलेली महाग. देठासकट घेतली तर स्वस्त, पण मग घरी आल्यावर देठ काढायला कोण बसणार, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. मी बसतो. त्यानंतर हात कितीही वेळा धुतले तरी संध्याकाळपर्यंत डोळ्यांना लावायचे नसतात.

या सगळ्या लाल साम्राज्याबद्दल आई ‘पूर्वापार’ हा शब्द वापरते तेव्हा मी गप्प बसतो. मिरची आपल्याकडे आणली पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात राजाच्या खाण्यापिण्याचं साग्रसंगीत वर्णन आहे, हिंग आहे, मिरी आहे, मांसाचे नाना प्रकार आहेत. मिरची कुठेच नाही. एवढा मोठा राजा, पण आमच्याकडचा रविवारचा रस्सा त्याच्या नशिबी नव्हता. हे मी एकदा आईला सांगितलं. ती म्हणाली, “म्हणून तर तो लिहीत बसला.”

मिरचीचा सौदा झाला की खड्या मसाल्यांकडे वळायचं, आणि इथे वेळ जातो. मिरची किलोत, धने पावकिलो-अर्धा किलोत, बाकीचे सगळे पन्नास ग्रॅम, पंचवीस ग्रॅम, दहा ग्रॅम. किंमत मात्र वजनाच्या उलट चढत जाते. दगडफूल पन्नास ग्रॅम म्हटलं तर एवढी मोठी पुडी होते की गिऱ्हाईकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. राखाडी-काळ्या, कुरळ्या, कागदी पापुद्र्यांचा तो ढीग कच्चा असताना कोणी वळून बघणार नाही. बुरशी आणि शेवाळ यांनी एकमेकांच्या आधाराने झाडाच्या सालीवर, खडकावर थाटलेला तो संसार असतो. साफ करताना त्यातून सालींचे तुकडे निघतात, काड्या निघतात, कधी वाळू निघते. पण कढईत चमचाभर तेलावर पडलं की अर्ध्या मिनिटात असा दरवळ सुटतो की जिन्यावरून जाणारा माणूस एक पायरी थांबतो. गोड्या मसाल्यातून दगडफूल काढलं तर मागे नुसती धन्याजिऱ्याची पूड उरते, असं माझं मत आहे. मावसबहिणीशी माझं एकमत आहे ते एवढ्यावरच.

नागकेशराच्या कळ्या लवंगेच्या धाकट्या बहिणी वाटतात. जायपत्री जायफळाच्याच फळातली. आत बी, त्यावर लाल जाळी, ती सुकली की जायपत्री. रामपत्री तिची रानातली नातलग. ती मसाल्यात का घालायची, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. ‘घालतात’ एवढंच उत्तर मिळालं. चक्रीफूल चीन-व्हिएतनामकडून येतं. २००५ च्या सुमारास बर्ड फ्लूच्या धास्तीने टॅमिफ्लू या औषधाला मागणी आली, त्यासाठी लागणारं आम्ल या चक्रीफुलातून काढायचे, आणि जगभर चक्रीफुलाची ओढाताण झाली. तेव्हा सिंधुदुर्गातल्या कोंबडीच्या रश्शाचा आणि जागतिक साथींचा संबंध येऊ शकतो. दालचिनी घेताना बघून घ्यावी. जाड, टणक, एकाच वळणाची साल निराळी. पातळ, अनेक पदरांची, बोटांत चुरडणारी लंकेची निराळी आणि महाग. मसाल्यात पहिली चालते, असं आई म्हणते. दुसरीचा भाव ऐकल्यावर मीही तसंच म्हणतो.

हळकुंडं मात्र बायको सांगते ती, सांगलीची. तिथल्या बाजाराचा तिला अभिमान आहे, आणि सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षं कशी टिकायची, हे ती पाहुण्यांना न विचारता सांगते. शेवटी खडा हिंग. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येणारा झाडाचा चीक; तो इतका उग्र की उत्तर प्रदेशात हाथरसला त्यात पीठ, डिंक मिसळून त्याला माणसात आणावं लागतं. जगातला एवढा हिंग आपण खातो आणि झाड मात्र आपल्याकडे नाही, याची लाज वाटून की काय, २०२० च्या ऑक्टोबरात हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात हिंगाची रोपं लावली गेली. चीक यायला पाच वर्षं तरी लागतात. तोवर, आणि बहुधा त्यानंतरही, आमच्या बरणीतले खडे परदेशीच.

आता मूळ मुद्दा. आईच्या पर्समध्ये एक यादी आहे. ती तिच्या आईच्या हातची, मोडीच्या वळणाची देवनागरी, घडीवर फाटलेली आणि आता प्लॅस्टिकच्या पाकिटात राहणारी. तिच्यात शेर आणि तोळे आहेत, कारण किलो-ग्रॅम आपल्याकडे यायला लागले ते १९५८ पासून. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर. हल्ली तो फक्त सोन्याला लावतात, त्यामुळे ‘जायपत्री दोन तोळे’ असं आईने म्हटलं की दुकानातला पोऱ्या दचकून मालकाकडे बघतो. ही यादी गुपित आहे. आत्याला तिची नक्कल मिळालेली नाही. मला मिळाली ती पन्नाशी उलटल्यावर, तीही ‘तुला नुसतं वाचता येतं, करता कुठे येतं’ या भरवशावर.

दुकानदार हा गृहस्थ मात्र फार मुरलेला आहे. आईने पाकीट उघडून चष्मा लावेपर्यंत तो वजनं घालायला लागलेला असतो. “मावशी, मालवणी ना? किती किलोचा?” एवढं विचारून तो धने, बडीशेप, मिरी, लवंग, शहाजिरं असं ओळीने काढत जातो. आई यादीतून एकेक वाचते तेव्हा तो जिन्नस आधीच तागडीत असतो. त्याच्या गल्ल्याजवळ छापील कागदांचा गठ्ठा आहे: मालवणी, आगरी, कोळी, घाटी, गोडा, एक किलो मिरचीला काय नि किती. मागेल त्याला फुकट. मी एक कागद घेतला, आजीची यादी शेजारी धरली, तोळ्यांचे ग्रॅम केले. खसखस थोडी कमी-जास्त, मोहरी एकीकडे आहे आणि एकीकडे नाही. बाकी सगळं जुळत होतं. ज्या बडीशेपेवर आईचा विशेष जीव आहे, जी ‘आमच्याशिवाय कोणी घालत नाही’, तीसुद्धा चौथ्या ओळीत छापलेली होती.

मी तो कागद मुकाट्याने खिशात घातला. आता मला असं वाटतं की यादी सारखी असूनही मसाले वेगळे होतात, ही आईची बाजू खरी आहे, आणि ती कागदात सापडत नाही. वेगळेपणा राहतो भाजण्यात. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. धने खमंग होईपर्यंत, लवंग-वेलची टम्म फुगेपर्यंत, तमालपत्र चुरडलं जाईपर्यंत. खसखस शेवटी, कारण ती डोळ्यांदेखत जळते. ‘बेताचं’ भाजायचं. आईचं बेताचं म्हणजे बदामी, बायकोचं बेताचं म्हणजे त्याच्यापुढे दोन घरं. दुकानातसुद्धा भाजून मिळतं; मोठ्या कढया, लांब उलथनी, आणि तोंडाला पदर बांधलेल्या बायका तो धूर गिळत उभ्या असतात. त्यांच्या हाताला जो अंदाज आहे तो आमच्या दोन्ही पक्षांकडे मिळून नाही, असं माझं खाजगी मत. ते अजून दोन्ही पक्षांना कळलेलं नाही.

भाजून गार झालं की डंकावर. लोखंडी मुसळांची रांग, पट्ट्यावर फिरणारा दांडा, एक मुसळ वर तर दुसरं खाली, धाड् धाड् धाड्. जमीन हादरते, बोलणं ऐकू येत नाही, खाणाखुणांनी काम चालतं. चक्कीत मसाला तापतो आणि वासाचं तेल उडून जातं. डंक कुटतो, त्यात मसाला फारसा तापत नाही, म्हणून हा आग्रह. आणि डंकापाशी स्वतः उभं राहायचं हा दुसरा आग्रह. कारण एकदा का पाठ फिरली की आपल्या डब्यात आधीच्या गिऱ्हाइकाचा आगरी मसाला मिसळतो, अशी आईची ठाम समजूत आहे. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक बाईची तीच समजूत असते. त्यामुळे सगळ्या जणी रुमालाने नाक दाबून, लाल डोळ्यांनी, आपापल्या मुसळावर आणि एकमेकींवर नजर ठेवून उभ्या असतात. वजनात आलेली घट हाही एक विषय असतो. इतकं घातलं, इतकंच कसं निघालं? उरलेलं हवेत गेलं, आणि हवेतलं आपल्या छातीत गेलं, हे समजवायला तिथे कोणाला बोलता येत नसतं.

तयार मसाल्याच्या पाकिटांना मी नावं ठेवणार नाही. ‘हल्लीच्या बायका विकतचं आणतात’ ही तक्रार हल्लीची नव्हे. १९१० साली गिरगावात किराणा दुकान म्हणून सुरू झालेल्या बेडेकरांनी पुढे मसाले-लोणची विकायला घेतली, ती कोणी तरी विकत घेत होतं म्हणूनच. त्याच साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं हजार पाकक्रियांचं ‘गृहिणीमित्र’ही आलं. म्हणजे पुस्तक वाचून करणाऱ्या आणि आयतं आणणाऱ्या, दोघींची सोय साधारण एका वेळची. पाकिटाला दोषच द्यायचा तर एक देता येईल: ते दर वेळी सारखंच लागतं. त्यामुळे जेवताना ‘यंदाचा जरा करपलाय का गं?’ असं विचारता येत नाही आणि जेवणं फार लवकर आटोपतात.

भाची न्यू जर्सीला असते. तिच्यासाठी एक डबा दर वर्षी बाजूला निघतो. पिशवीत पिशवी, त्यावर चिकटपट्टी, त्यावर वर्तमानपत्र, परत पिशवी. तरी तिच्या बॅगेतल्या सगळ्या साड्या वर्षभर भूक लागेल अशा वासाच्या होतात. एकदा तिने तिथेच मसाला करायचं मनावर घेतलं होतं. मिरच्या भाजायला घेतल्या आणि छतावरची धुराची घंटा केकाटायला लागली, मग पूर्ण मजल्याची लागली. तेव्हापासून ती डब्याची वाट बघते.

घरी आल्यावर बरण्या भरणं. मसाला दाबून बसवायचा, मध्ये मध्ये हिंगाचे खडे, वर फडकं बांधून झाकण. मग वाटप सुरू. आत्याला पाव किलो, समोरच्यांना वाटीभर. समोरच्या वहिनी मूळच्या विदर्भातल्या, त्यांना हा मसाला फार आवडतो. गेल्या खेपेला त्यांनी सरळ यादीच मागितली. नाही म्हणणं बरं दिसेना. आईने दिली, हसतमुखाने, ग्रॅममध्ये करून, स्वच्छ अक्षरात. फक्त बडीशेप लिहायची राहिली. राहिली म्हणजे राहवली. वहिनी यादी घेऊन लालबागला गेल्या. दुकान आईनेच सुचवलं होतं.

आठवड्याने त्या ताज्या मसाल्याची वाटी घेऊन आल्या. “काकू, तुमचीच यादी हं. तो दुकानदार म्हणाला, मावशी बडीशेप लिहायला विसरलेल्या दिसतात, ती मी घालतो. चालेल ना?”

आईने चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, बराच वेळ विचार केला.

“छान झालाय,” ती म्हणाली. “पण काहीतरी कमी आहे.”